खटका

डोंबिवलीत लाईट गेले की माणूस आधी मेणबत्ती शोधत नाही, खिडकीशी जातो. समोरच्या इमारतीतही अंधार दिसला की त्याचा जीव भांड्यात पडतो. ‘सगळ्यांचेच गेलेत’ असे तो घरात जाहीर करतो आणि मंडळी निवांत होतात. २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनात काढलेल्या गावाची ही सवय आहे, ती सहजासहजी सुटत नाही. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास पंखा थांबला तेव्हा मीही असाच खिडकीशी गेलो होतो. पडघा आणि कळवा यांच्यामधली एक मोठी वाहिनी दुरुस्तीला काढलेली असताना दुसरीही बंद पडली होती, हे नंतर कळले. ठाणे गेले, मुंबई गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. खरे सांगायचे तर, त्या बातमीने मला थोडे बरेच वाटले होते. बिघाड आपल्या घरातला नव्हता.

२०२३ च्या मे महिन्यात आमच्याकडे लाईट जाऊ लागले तेव्हा मात्र समोर लख्ख उजेड होता.

लाईट म्हणजे सगळे नव्हेत. आमच्या दारावर एक पांढरी पेटी आहे आणि तिच्यात सात-आठ बटणे एका रांगेत उभी आहेत. त्यांतले डावीकडून चौथे खाली पडायचे आणि स्वयंपाकघर व न्हाणीघर एकदम बंद व्हायचे. या बटणांना एमसीबी म्हणतात, हे मला ठाऊक होते. आमच्या घरात त्यांना ‘खटका’ म्हणतात. पडताना खट् असा आवाज होतो म्हणून. शिवाय तो पडल्यावर माझे आणि आमच्या सौभाग्यवतींचे जे होते, त्यालाही मराठीत तोच शब्द आहे.

‘अहो, पुन्हा पडला.’

मग मी स्टुलावर चढायचे, बटण वर करायचे, उतरायचे. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. बँकेत तीस-बत्तीस वर्षे अधिकारी म्हणून काढल्यावर आणि चार कादंबऱ्या लिहिल्यावर माणसाला वाटते, आपल्याला बऱ्याच गोष्टी कळतात. त्या स्टुलावर रोज दोन वेळा चढल्याने हा समज उतरायला मदत झाली.

आमच्या घराण्यात विजेशी वागण्याची जी रीत आहे, तीही इथे सांगितली पाहिजे. माझे बालपण कल्याणच्या चाळीत गेले. एका खोलीला एक दिवा, तोही चाळीस वॅटचा, आणि पंखा होता तो फक्त मालकाकडे. जिन्याखाली लाकडी फळीवर चिनी मातीचे पांढरे कटआऊट असत. फ्यूज उडाला की कोणीतरी मेणबत्ती धरायचा आणि वडील कटआऊट ओढून काढून त्यात नवी तार गुंडाळायचे. तार पुन्हापुन्हा वितळू लागली की ती दुहेरी पिळून घालायची, हा वडिलांचा तोडगा. शेजारच्या बिऱ्हाडातले एक गृहस्थ त्यांच्याही पुढचे. ते सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घालत. त्यानंतर फ्यूज उडत नसे आणि सगळी चाळ त्यांना हुशार म्हणे. तार वितळते ती वितळण्यासाठीच घातलेली असते, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. एडिसनने १८९० मध्ये फ्यूजचे पेटंट घेतले ते नेमके याच कल्पनेवर. सगळ्यांत अशक्त दुवा मुद्दाम ठेवायचा, म्हणजे बाकीचे वाचते. आम्ही त्या दुव्याला बळकट करत होतो.

तर मे महिन्यात मी दुकानातून वायरमन बोलावला. पोरगेलासा, चटपटीत मुलगा. त्याने पेटी उघडली, चौथ्या खटक्यावर बोट ठेवले.

‘काका, सोळाचा आहे. बत्तीसचा टाकून देतो, परत पडणार नाही.’

मी विचारले, ‘चालेल ना?’

‘सगळ्यांकडे तसंच करतो आपण.’

दहा मिनिटांत काम झाले. पैसे दिले. चहाही दिला. त्याचा शब्द खरा ठरला, खटका पुन्हा पडला नाही. सौभाग्यवतींनी मुलाचे कौतुक केले आणि मी स्टूल गच्चीवर नेऊन ठेवले.

आता पुढचे सगळे झाल्यावर मी जे शिकलो ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे मी त्या दिवशी काय करून बसलो ते समजेल. हा खटका म्हणजे कॅश क्रेडिट खात्याची मर्यादा आहे. सोळा अँपिअर म्हणजे सतरावा अँपिअर येताच दार बंद, असे नसते. जुना खातेदार थोडा मर्यादेबाहेर गेला तर मॅनेजर लगेच धनादेश परत करत नाही, थोडा वेळ पाहतो. खटक्याच्या पोटात दोन धातूंची एक जोडपट्टी असते. जास्त प्रवाहाने ती तापते, वाकते आणि पुरेशी वाकली की खटका सोडते. प्रमाण असे ठरवलेले आहे की मर्यादेपेक्षा १३ टक्के जास्त प्रवाह तासभर वाहिला तरी खटका पडू नये, आणि ४५ टक्के जास्त झाला तर तासाच्या आत पडलाच पाहिजे. पट्टीशेजारी तारेचे एक वेटोळेही असते. दोन वायरी एकमेकींना चिकटून शॉर्ट झाला, म्हणजे एकदम शेकडो अँपिअरची उचल झाली, की ते चुंबक होऊन क्षणाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास खटका ओढते. तिथे मॅनेजर विचार करत बसत नाही. हे लहानसे यंत्र जर्मनीतल्या मानहाइममध्ये ह्यूगो श्टोट्झ यांच्या कारखान्यात तयार झाले आणि १९२४ मध्ये त्याचे पेटंट निघाले. आपल्याकडच्या घराघरांत ते शिरायला पुढे साठएक वर्षे लागली.

म्हणजे आमचा खटका उगीच पडत नव्हता. सकाळी न्हाणीघरात दोन हजार वॅटचा गिझर चालू असायचा. २३० व्होल्टला त्याचे पावणेनऊ अँपिअर होतात. सूनबाईने दिवाळीला दिलेला एअर फ्रायर, त्याचे साडेसहा. माझी इस्त्री जेवणाच्या टेबलाजवळच्या प्लगवर, तिचे सव्वाचार. मिक्सरचे तीन धरा, फ्रीजचा एक. बेरीज साडेतेवीस. मर्यादा सोळाची. पंधरा-वीस मिनिटांनी तो पडायचा ते अगदी नियमाने. मी आयुष्यभर लोकांची स्टॉक स्टेटमेंट तपासली, पण ही पाच आकड्यांची बेरीज कधी केली नाही. विजेच्या बिलावर ‘मंजूर भार’ असा एक रकाना छापलेला असतो. बिल वेळेच्या आत भरण्याचा मला अभिमान आहे. पण तो रकाना मी २०२३ पर्यंत वाचलेला नव्हता. १९८४ साली, इमारत नवी असताना, आमच्या नावावर जो भार मंजूर झाला होता तोच अजून तिथे छापून येत होता, आणि त्यात आमचा एकटा गिझरही बसत नव्हता.

खटका बत्तीसचा झाला म्हणजे मर्यादा दुप्पट झाली. खातेदाराची ऐपत मात्र तीच राहिली. ऐपत म्हणजे भिंतीतली वायर. ती दीड चौरस मिलिमीटरची होती. तिला सोळाच्या आसपासच झेपते. आणि वायरीची उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, हे शाळेत जूलच्या नियमात पाठ केलेले असते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. खटका पडायचा बंद झाला त्या दिवसापासून आमची वायर भिंतीच्या आत मुकाट्याने भाजत होती.

पण ते सगळे नंतर कळले. मध्ये जुलै आला.

डोंबिवलीचा जुलै कसा असतो ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरते, पश्चिमेच्या भिंतीवर नकाशे उमटतात. त्या ओलीत पेटीतले दुसरेच बटण पडू लागले. रांगेच्या सुरुवातीला एक रुंद बटण आहे, त्याच्या अंगावर टी असे अक्षर असलेली एक टिकली आहे. हे पडले की सगळे घर बंद. पुन्हा वर केले तर कधी राहायचे, कधी हातातच खाली यायचे. पाऊस जोराचा असला की सकाळी हमखास.

मी त्याच मुलाला बोलावले. तो म्हणाला, ‘काका, पावसात हा फालतू ट्रिप होतो. ह्याला बायपास करतात.’

तेव्हा मी नको म्हटले. शहाणपणाने नव्हे, आणखी पैसे कशाला, म्हणून. ऑगस्टभर आम्ही त्या बटणाशी भांडत राहिलो. मग सप्टेंबर उजाडला. १९ तारखेला गणेश चतुर्थी. बेंगळुरूहून मुलगा, सूनबाई आणि सहा वर्षांचा नातू येणार होते. आमच्याकडे गौरीही असतात. घरात बारा माणसे, मखराला दिव्यांच्या माळा, आरतीच्या मध्यात अंधार झाला तर? मी मुलाला फोन केला आणि ‘तेवढ्या पाच दिवसांपुरते’ बायपास करायला सांगितले. त्याने रुंद बटणाच्या वरच्या वायरी आणि खालच्या वायरी सरळ जोडून टाकल्या. बटण जागेवर दिसत होते, पण आता त्याला काही विचारले जात नव्हते.

गणपती आले. माळा लागल्या. काही पडले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सौभाग्यवती न्हाणीघरातून बाहेर आल्या त्या हात झटकत. म्हणाल्या, ‘अहो, नळाला हात लावला की मुंग्या येतात.’

मी पेपर वाचत होतो. ‘भास असेल,’ म्हणालो. ‘रात्री उशिरा झोपलीस.’

त्या काही बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरात गेल्या आणि गॅसवर पाणी तापवायला ठेवले. नातवाची अंघोळ त्यांनी त्या दिवशी मागच्या गॅलरीत, बादलीत घातली. मला वाटले, लाड चाललेत.

त्याच दिवशी संध्याकाळी दर्शनाला एक जुने परिचित आले. त्यांचे नाव इथे छापलेले त्यांना आवडणार नाही. पंचाहत्तरी ओलांडलेले वायरमन. आमच्या या इमारतीच्या भिंतींत पहिल्या वायरी त्यांनी ओढल्या. त्याही आधी, ठाकुर्लीला खाडीच्या अंगाला रेल्वेचे वीजघर होते, आता ते बंद होऊन कितीतरी वर्षे झाली, तिथे त्यांनी उमेदवारी केलेली. दरवर्षी गणपतीला येतात, मोदक खातात आणि जाताना दारावरच्या पेटीकडे पाहतात. जसे काही डॉक्टर लग्नाच्या पंगतीतही समोरच्याच्या डोळ्यांचा पिवळेपणा पाहतात. त्या दिवशीही पाहिले. आणि चपलेत घातलेला पाय बाहेर काढला.

‘साहेब, हे कोणी केलं?’

मी सांगितले. ते ऐकून घेत राहिले. मग सौभाग्यवतींनी हळूच मुंग्यांचे सांगितले. त्यांनी स्टूल मागितले. ते गच्चीवर होते. मुलगा जाऊन घेऊन आला.

आधी त्यांनी मेन स्विच बंद केला. मखर अंधारले, समईचा उजेड तेवढा राहिला. बायपास सोडवला. मग सगळे खटके खाली, मेन चालू, रुंद बटण वर. ते वर राहिले. मग एकेक खटका वर करत गेले. दिवाणखाना, ठीक. झोपायची खोली, ठीक. पश्चिमेची खोली, जिच्या भिंतीवर नकाशे उमटले होते तीही ठीक. चौथा, म्हणजे स्वयंपाकघराचा, वर झाला तरी शांतता. ‘आता गिझर लावा,’ म्हणाले. मुलाने न्हाणीघराबाहेरचे बटण दाबले आणि पेटीत खट् झाले. गिझर बंद करून पुन्हा. पुन्हा खट्. हे इतके सोपे होते. मी तीन महिने पावसाला शिव्या देत होतो.

त्यांनी गिझरच्या प्लगची पेटी उघडली. तिच्यात मागे हिरवी वायर होती, अर्थिंगची. कशालाच जोडलेली नव्हती. तिचे टोक व्यवस्थित वळवून कोपऱ्यात ठेवलेले होते. २०१२ मध्ये आम्ही न्हाणीघराला नव्या फरशा बसवल्या, तेव्हा कोणीतरी ती सोडली आणि पुन्हा जोडली नाही. अकरा वर्षे ती तशीच बसून होती. पाणी तापवणाऱ्या कांडीला आत तडा गेला होता. वीज पाण्यात आणि पाण्यातून जुन्या लोखंडी पाइपात उतरत होती. अर्थिंग असते तर तिला सरळ वाट मिळाली असती. ती नसल्यामुळे ओल्या भिंतीतून थोडीथोडी झिरपत होती. म्हणून पावसाचा आणि खटक्याचा संबंध.

ते खाली उतरले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, ‘ह्या घरात अंघोळीला कोण कोण जातं?’

मी नावे घेऊ लागलो. मी, ही, मुलगा, सूनबाई. पाचवे नाव माझ्या तोंडून बाहेर पडेना. नातू त्यांच्या गुडघ्याशी उभा राहून त्यांचा टेस्टर मागत होता.

सौभाग्यवती तेव्हाही काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

चहा घेताना त्यांनी मला फरक समजावला, तो बहुतेक घरांत ठाऊक नसावा असे वाटते म्हणून लिहितो. ते म्हणाले, ‘हे जे बारीक खटके आहेत ना साहेब, ते माणसासाठी नसतात. वायरीसाठी असतात. माणसासाठी हा एकच, रुंदवाला.’

साठ वॅटच्या जुन्या दिव्यातून जेवढा प्रवाह वाहतो, त्याचा सुमारे नववा हिस्सा म्हणजे तीस मिलिअँपिअर. तेवढा प्रवाह छातीतून काही वेळ गेला तर हृदयाचा ताल बिघडण्याचे भय सुरू होते. सोळाचा खटका याच्या पाचशे पटींहून जास्त प्रवाहासाठी बसवलेला असतो. माणूस नळाला चिकटून प्राण सोडील तरी त्याला पत्ता लागणार नाही. त्याच्या लेखी तो एक लहानसा दिवा. रुंद बटणाचे, ज्याला आरसीसीबी म्हणतात आणि जुने वायरमन अजून ईएलसीबी म्हणतात, काम निराळे. किती वीज गेली याच्याशी त्याला कर्तव्य नाही. फेजमधून जेवढी गेली तेवढीच न्यूट्रलमधून परत आली का, एवढेच ते पाहत बसते. दोन्ही वायरी एका कड्यातून जातात. गेलेले आणि आलेले सारखे असेल तर कडे स्वस्थ. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज तिसऱ्याच वाटेने, कदाचित कोणाच्या तरी अंगातून जमिनीत गेली, की ते घर बंद करते.

हे ऐकताना मला आमच्या बँकेतली एक रात्र आठवली. कॉम्प्युटर यायच्या आधीची गोष्ट. मी नवा अधिकारी, तालुक्याच्या गावातली शाखा. दिवसाचा जमाखर्च जुळेना. फरक तीस पैशांचा. आठ वाजले, नऊ वाजले. शेवटची एसटी जायची होती. मी खिशातून आठ आणे काढून टेबलावर ठेवले आणि म्हणालो, माझ्या पदरचे घ्या आणि वही मिटा. आमचे हेड अकाउंटंट वयस्क होते. त्यांनी नाणे माझ्याकडे परत सरकवले. ‘तीस पैशांची एक चूक असेल तर मी देईन,’ म्हणाले. ‘पण एकीकडे तीन हजारांची चूक आणि दुसरीकडे दोन हजार नऊशे नव्याण्णव रुपये सत्तर पैशांची, अशा दोन असतील तर?’ रात्री अकराला चूक सापडली, आणि ती खरोखरच तीस पैशांची एकच होती. आम्ही शाखेतच सतरंजीवर झोपलो. पण त्यांचे बोलणे मला इतके पटले की पुढे प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला मी ही गोष्ट ऐकवत आलो. दोन-तीनदा भाषणातही सांगितली. आणि माझ्याच दारावर जो हेड अकाउंटंट बसला होता, त्याला मी पाच दिवसांच्या रजेवर पाठवले होते.

गौरी विसर्जन झाल्यावर ते सवडीने आले आणि दोन दिवस काम चालले. गिझर नवा आला, अर्थिंग जोडले गेले, गिझरला चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र खटका मिळाला. स्वयंपाकघरातल्या प्लगची पेटी उघडली तेव्हा आतल्या वायरीचे लाल वेष्टण तपकिरी झाले होते. त्यांनी नखाने दाबले तसे ते भाजलेल्या पापडासारखे तुटले. जूनपासून स्वयंपाकघरात अधूनमधून एक वास यायचा, मासळी जळल्यासारखा. शेजारी खाणारे आहेत, म्हणून आम्ही तो त्यांच्या खाती घातला होता. बत्तीसचा खटका काढून त्यांनी माझ्या हातात दिला. ‘ठेवा,’ म्हणाले. तो माझ्या लिहायच्या टेबलावर कागद दाबायला आहे.

आगीच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते : ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ वर्षानुवर्षे मी ते वाचत आलो. आता वाचताना थांबतो. योग्य मापाचा खटका जागेवर असेल तर शॉर्ट बहुधा आग लावण्याआधीच तुटतो. जळते ते त्याच्या आधीचे. सैल पडलेला स्क्रू, मापापेक्षा जास्त लादलेली वायर, महिनोन्‌महिने तापत राहिलेला सांधा. सैल स्क्रूची ठिणगी तर खटक्यालाही दिसत नाही, ती नाकालाच कळते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी अपघाती मृत्यूंचे आकडे छापतो. त्यात विजेच्या धक्क्याने गेलेल्यांची संख्या अलीकडची कितीतरी वर्षे दहा हजारांच्या वर आहे. शेतातले पंप, तुटलेल्या तारा, सगळे त्यात आले. न्हाणीघरेही आली असणार.

त्या वृद्ध गृहस्थांनी सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी लहान आहेत, पण माझ्यासारख्यांना ठाऊक नसतात. पडलेला खटका वर करण्याआधी पूर्ण खाली दाबायचा. कधीकधी तो मध्येच अडकलेला असतो. वर करताच पडला तर शॉर्ट किंवा गळती समजायची, पुन्हापुन्हा रेटायचे नाही. काही मिनिटांनी पडला तर बेरीज करायची. आणि रुंद बटणावरची टी ही टिकली महिन्यातून एकदा दाबायची. दाबल्यावर बटण पडले तर ते जिवंत आहे. न पडले तर ते नुसते भिंतीवर लावलेले आहे. मी ती बसवून घेतल्यापासून अकरा वर्षांत एकदाही दाबली नव्हती.

आता पहिल्या रविवारी दाबतो. घर बंद होते, आतून मिक्सर थांबल्याची तक्रार येते आणि मी, सवयच ती, एकदा खिडकीतून समोरच्या इमारतीकडे पाहून घेतो.

तळमजल्यावरच्या बिऱ्हाडात गेल्या उन्हाळ्यात नवा एसी बसला. खटका पडू लागला. मी जाऊन सगळे सांगितले, त्या वृद्ध वायरमनचा नंबर दिला. त्या गृहस्थांनी मन लावून ऐकले, सरबत दिले. चार दिवसांनी विचारले तर म्हणाले, ‘झालं काम. बत्तीसचा बसवला, आता पडत नाही.’ मी पुन्हा जाऊन सांगितले. त्यांना आता मी दिसलो की घाईची कामे आठवतात. आमच्या मीटरच्या पेट्या जिन्याखाली आहेत. येताजाता मी तिथे थांबतो आणि वास घेतो. वॉचमनने परवा विचारले, ‘साहेब, काही हरवलं का?’